पान्हा चोरणे

दुधाविषयी बोलायचे झाले तर मराठीत शब्दांची वानवा नाही. गाय व्यायल्यानंतरचा चीक, त्या चिकाचा खरवस, धारोष्ण दूध, निरसे दूध, साय. मग कास, सड, धार, आटणे, भाकड होणे. आणि या सगळ्यांच्या शिरोभागी ‘पान्हा’. संस्कृत ‘प्रस्नव’पासून प्राकृताच्या वाटेने आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ पाझरणे, स्रवणे एवढाच. आपल्या संतकवींनी तो गोठ्यातून उचलला आणि थेट परमेश्वराच्या ठायी नेऊन ठेवला. वासराच्या ओढीने पान्हावणारी गाय ही ज्ञानदेवांपासून पुढे चालत आलेली प्रतिमा आहे. विठ्ठल ‘विठाई’ झाला तो याच वाटेने. आज आपण गुरूला, निसर्गाला, मातृभूमीला, प्रसंगी पावसाळी ढगालाही पान्हा फोडतो. शब्द इतका वर गेला की तो कोठून बाहेर येतो हे विचारणेही असभ्य वाटावे.

हा लेख त्या असभ्य ठिकाणाविषयी आहे. त्याला पाठ्यपुस्तकात ‘स्तनाग्र’ म्हणतात, संस्कृतात ‘चूचुक’, आणि घरात, आवाज खाली आणून, ‘बोंडी’. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात तेथे एक पांढरा ठिपका दिसू लागला. खसखशीच्या दाण्याएवढा असेल. त्याच्या शेजारी दोन दिवसांनी पाणी धरलेला एक फोडही उठला. इतक्या लहान वस्तूविषयी दोन हजार शब्द लिहिणे हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. पण त्या बारा-तेरा दिवसांत माझे आणि माझ्या मुलीचे सगळे जग त्या दाण्याएवढ्या जागेत मावत होते, आणि तिला अंगावर पाजायचे की थांबवायचे हा निर्णय दर दोन तासांनी नव्याने घ्यावा लागत होता.

व्हर्जिनिया वुल्फ यांचा आजारपणावरील 1926 सालचा निबंध पुष्कळांनी वाचलेला असेल. प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलीच्या मदतीला महाकवी धावून येतात, पण डोके दुखते आहे हे डॉक्टरला सांगू पाहणाऱ्या माणसापाशी भाषाच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. इलेन स्कॅरी यांनी 1985 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बॉडी इन पेन’मध्ये याहून पुढे जाऊन वेदना भाषेचा नाशच करते असे प्रतिपादन केले. आमच्या पिढीच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी ही दोन्ही मते न तपासता आपली मानली. मीही वर्गात ती अनेकदा सांगितली आहेत. त्या दिवसांत मात्र मला उलटाच प्रत्यय आला. मूल तोंड लावते त्या क्षणी होते ती ‘सणक’. ती खांद्यापर्यंत जाते आणि पाठीत निघते. पहिले मिनिटभर ‘कळ’ असते, नंतर ‘चुरचुर’. पाजून झाल्यावर कपडा लागला की ‘झोंबते’, न लागला तरी ‘हुळहुळते’. आणि रात्री, काहीच चाललेले नसताना, आत खोलवर ‘ठुसठुसते’ किंवा ‘ठणकते’. या दोहोंतला भेदही मी सांगू शकले असते. वुल्फ यांची तक्रार इंग्रजीच्या बाबतीत खरी असेल. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. माझ्यापाशी शब्द होते. ते जेथे उच्चारायचे ती जागा नव्हती. ज्या अवयवाचे नाव बैठकीच्या खोलीत घेता येत नाही, त्याच्या सणकेचे आणि ठणक्याचे वर्णन कोणापुढे करणार? दवाखान्यातल्या परिचारिकेने “पहिलटकरणीला व्हायचंच” एवढे म्हणून पुढच्या खाटेकडे मोर्चा वळवला. आई म्हणाली, “अगं, सहन केलं की बसतं आपोआप.” तिने तिच्या वेळी केले होते.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. माहेरी माझी उपेक्षा होत होती असे अजिबात नाही. डिंकाचे लाडू होते, अळिवाची खीर होती, शतावरी घातलेले दूध होते, जेवणानंतर बाळंतशेपा होत्या. शेक होता, धुरी होती. पण या सगळ्या उठाठेवीचा रोख एकच होता: दूध ‘यावे’, वाढावे, पुरावे. जेथून ते बाहेर पडायचे ते दार नीट उघडते आहे की नाही, याची कोणाला चिंता नव्हती. पुढे कळले ते असे की दूध गरजेपेक्षा जास्त येणे हेच अशा ठिपक्याचे एक कारण असू शकते. म्हणजे आम्ही धरणात पाणी वाढवीत होतो आणि सांडव्याकडे कोणी बघत नव्हते.

मग ‘पान्हा चोरणे’ हा शब्दप्रयोग माझ्या वाट्याला आला. वेदनेच्या भीतीने असेल, बाळ तोंड लावायचे तरी पहिली काही मिनिटे दूध उतरत नसे. मुलगी चिडून रडे, मान झटके, पुन्हा लागे. त्या झटक्याने फोड अधिकच सोलवटला जाई. भेटायला आलेल्या नात्यातल्या एक वयस्क बाई हे पाहून म्हणाल्या, “अशी अंग आकसून बसू नकोस गं. आईनं पान्हा चोरला तर लेकरानं कुठं जायचं?” त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्या भाषेत उपलब्ध असलेला वाक्प्रचार वापरीत होत्या, एवढेच. पण त्या क्रियापदाने मला दिवसभर सोडले नाही. चोरणे! ज्याची वस्तू त्याला न देता दडवून ठेवणे. दूध बाळाचे, मी फक्त राखणदार, आणि राखणदारानेच अपहार केलेला. गोठ्यातला शब्द जेव्हा बाईला लागू होतो तेव्हा त्याबरोबर गोठ्यातला मालकही येतो, हे मला तोवर जाणवले नव्हते. गाय पान्हा ‘चोरते’ हे वाक्य धार काढायला बसलेल्या माणसाचे आहे, गायीचे नव्हे.

शरीरशास्त्र यात चोरी पाहत नाही. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन स्रवते, त्याने दुधाच्या ग्रंथींभोवतालच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध नलिकांतून पुढे ढकलले जाते. पान्हा फुटणे म्हणतात ते हेच. वेदना, भय आणि ताण यांनी हे स्रवणे लांबते किंवा अडते. इच्छेचा त्यात संबंध नाही. दचकल्यावर पापणी मिटते, तिच्यावर कोणी प्रकाश चोरल्याचा आळ घेत नाही.

आश्चर्य असे की या शब्दाच्या तावडीतून मला बाहेर काढले ते गोठ्यानेच. बाळाला आणि मला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींच्या घरी दोन म्हशी होत्या. अंगाला तेल लावताना माझा खांदा दचकला तशा त्या थांबल्या. “दूध वडताना कळ येती व्हय?” त्यांनी विचारले. मी मान हलवली. “बघू.” आणि त्यांनी पाहिले. तीन आठवड्यांत ‘बघू’ म्हणणारी ही पहिली व्यक्ती. वेदनेविषयी बोलले पुष्कळ जण होते. पाहिले कोणी नव्हते. मग, नेहमीच्या स्वरात, जणू शेजारच्या घरची हकिगत सांगावी तसे म्हणाल्या, “म्हस लाथ मारती तवा आदी सड बघायचा आस्तो. चीर पडल्याली आसती, न्हाय तर फोड. उगा म्हशीला शिव्या देऊन काय हुतंय?”

मला वाटते, वात्सल्यावरच्या आपल्या एकूण वाङ्मयावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. कवींनी गोठ्यातून गाय नेली, वासरू नेले, पान्हा नेला. सडाची चीर मात्र तेथेच ठेवून दिली. धार काढणाऱ्याला ते परवडत नाही. त्याचे पोट त्या सडावर चालते. म्हणून त्याच्यापाशी कासेच्या दुखण्याला शब्द आहेत, कास दगडासारखी घट्ट होते त्या रोगाला ‘दगडी’ असे सरळ नाव आहे, आणि लाथेचा अर्थ लावण्याची रीत आहे. माझ्या पदव्यांनी मला यांतले काही दिले नव्हते.

मावशी स्वतः उपचाराच्या भानगडीत पडल्या नाहीत, हा त्यांचा आणखी एक मोठेपणा. “डाक्टरणीला दाव,” म्हणाल्या. घरात तोवर ज्योतीवर तापवलेल्या सुईची चर्चा सुरू झाली होती. पूर्वी असेच फोडत, असे दोन-तीन जणींनी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो त्यांनी सुईचे नाव काढताच हात जोडले. त्यांनी जे समजावले ते येथे थोडक्यात देते, कारण हे वाचणाऱ्यांत कोणाला, किंवा कोणाच्या बहिणीला, त्याचा उपयोग व्हावा.

पाणी धरलेला फोड आणि पांढरा ठिपका या दोन वेगळ्या गोष्टी. फोड घर्षणाचा. बाळाने केवळ टोक तोंडात धरले तर ते जिभेच्या आणि टाळूच्या कठीण भागाच्या मध्ये चिरडले जाते. तोंड मोठे उघडून सभोवतालच्या काळसर भागाचाही बराचसा हिस्सा आत गेला तर टोक मागच्या मऊ टाळूपर्यंत पोहोचते आणि घासत नाही. नव्या चपलेचा फोड आणि हा, दोघांची जात एक. चप्पल बदलावी लागते. येथे बाळाची पकड. पांढरा ठिपका मात्र दुधाच्या नलिकेच्या तोंडाशी येतो. स्तनाग्राला एक भोक नसते, अनेक असतात. पाठ्यपुस्तकांत पंधरा ते वीस नलिकांचा आकडा वर्षानुवर्षे छापला जात होता. 2005 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी स्तनपान करणाऱ्या बायकांची सोनोग्राफी करून पाहिली तेव्हा सरासरी नऊच्या आसपास भरली. (इतक्या साध्या गोष्टीची मोजदाद व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले, यावर निराळा लेख होईल.) या तोंडांपैकी एखाद्यावर सुजेने आणि पेशींच्या थराने झाकण बसते, मागे दूध तुंबते, गाठ धरते. सुईने ते झाकण फोडले की क्षणभर मोकळे वाटते, पण जखम भरताना झाकण अधिक जाड होऊन परत येते. शिवाय जंतूंना वाट मिळते ती वेगळीच.

‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 साली आपल्या सूचना सुधारल्या, त्यांत हा विचार स्पष्ट आहे: टोचू नये, पिळू नये, गाठ जोराने रगडू नये, ‘रिकामे व्हावे’ म्हणून यंत्राने जादा दूध काढत बसू नये. बाळाला भूक असेल तेवढे पाजावे, सूज उतरावी म्हणून गार शेक द्यावा, गरज पडल्यास डॉक्टरांनी सांगितलेले सूज उतरवणारे मलम लावावे आणि पाजण्यापूर्वी पुसून टाकावे. ताप आला, स्तनावर लाल तापलेला पट्टा उठला, तर मात्र वाट न पाहता दाखवावे. फोडातून थोडे रक्त दुधात गेले तरी बाळाला अपाय होत नाही, हे वाक्य त्यांनी मला दोनदा सांगितले. मी ते तिसऱ्यांदा विचारले.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोगांचे प्रकरण आहे, हे मला ठाऊक होते. नीट वाचले ते यानंतर. कुमारिकांच्या स्तनांतील वाहिन्यांची तोंडे मिटलेली असतात म्हणून त्यांना हे रोग होत नाहीत. गर्भिणी आणि प्रसूत स्त्रियांच्या ठायी ती आपोआप उघडतात, आणि उघडलेल्या वाटेनेच रोगही येतो, असा तेथला विचार आहे. शरीररचनेच्या आजच्या ज्ञानाशी त्याचा तपशील जुळणार नाही. पण ‘दारे’ पाहण्याची दृष्टी तेथे आहे. वैद्याने पाहिले, गवळ्याने पाहिले. कवीचे काय?

साहित्यशास्त्रापुरते बोलायचे तर चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त ‘वत्सल’ हा दहावा रस मानला. अपत्य हे त्याचे आलंबन. आलिंगन, अंगस्पर्श, मस्तकाचे चुंबन, रोमांच, आनंदाश्रू हे अनुभाव. आणि संचारी भाव म्हणून अनिष्टाची शंका, हर्ष, गर्व. यादी सुंदर आहे, आणि खोटीही नाही. पण हा रस दुरून पाहणाऱ्याचा आहे. अंगणात रांगणाऱ्या मुलाकडे पाहणारे पालक येथे उभे आहेत. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत ‘व्याधी’ होता. विश्वनाथाला तो उचलून वत्सलाच्या घरात आणता आला असता. माझी मुलगी मुठी आवळून, डोळे मिटून, तल्लीन होऊन दूध पीत असताना मला रोमांच येत होते आणि त्याच क्षणी डोळ्यांतून पाणीही वाहत होते. ते आनंदाश्रू नव्हते आणि दुःखाश्रूही नव्हते. मी पायाची बोटे जमिनीत रुतवून मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजत होते, कारण विसाच्या आसपास पान्हा सुटतो आणि सणक ओसरते हे मला अनुभवाने कळले होते. त्या वीस आकड्यांत मुलीविषयी मला नेमके काय वाटत असे, ते कोणत्याही रसाच्या नावाखाली लिहिता येणार नाही. तिला दूर लोटावेसे वाटे. आणि लोटत नसे. यातली दुसरी गोष्ट ‘वात्सल्य’ म्हणून नोंदवायची आणि पहिली गाळायची, असा आपला संपादकीय रिवाज आहे.

तो मोडणारे लेखन आहे. महाश्वेता देवींच्या ‘स्तनदायिनी’तील यशोदा दुसऱ्यांच्या मुलांना पाजून संसार चालवते आणि स्तनाच्या कर्करोगाने मरते; तिचे नावच महाश्वेतांनी पुराणातून आणून तिच्या देहावर ठेवले आहे, आणि त्या ओझ्याखाली तो देह कसा कुजतो ते न कचरता दाखवले आहे. मराठीत बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतीण आहे ती उपाशी, तापाने फणफणलेली, घासभर अन्नासाठी तडफडणारी. तेथे पान्ह्याची उपमा करायला कोणाला सवड नाही. माझे दुखणे त्यांच्या शेजारी ठेवण्याच्या योग्यतेचे नाही. मला डॉक्टर मिळाल्या, मलम मिळाले, रजा होती. मी एवढेच म्हणते की आईचा देह मराठी गद्यात आला तो मुख्यतः ज्यांना त्याचे प्रतीक करणे परवडले नाही अशांच्या हातून.

माझा ठिपका तेराव्या दिवशी गेला. नाट्यपूर्ण काही झाले नाही. डॉक्टरबाईंनी बाळाला मांडीवर आडवे न घेता बगलेखाली धरून पाजायला शिकवले होते, त्यामुळे दाबाची जागा बदलली. एकदा दुखऱ्या बाजूला फारच झाले तेव्हा त्या वेळेपुरते हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजले, आणि आकाश कोसळले नाही. फोड आधी सुकला, ठिपका नंतर. महिन्याभराने ठिपका पुन्हा डोकावला, पण तेव्हा काय करायचे आणि विशेषतः काय करायचे नाही हे ठाऊक होते. चौथ्या दिवशी तो दिसेनासा झाला. मावशींना सांगितले तर म्हणाल्या, “मग? म्हस बी ऱ्हाती उबी, दुखायचं थांबल्यावं.”

रजेनंतर पहिल्या वर्षाच्या वर्गात आख्यायिका आणि लोकस्मृती हा भाग शिकवायचा होता. हिरकणी त्यात येतेच. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद झालेले, खाली घरी तान्हे मूल, आणि ती कडा उतरून जाते. आपण ही कथा मातृप्रेमाची म्हणून सांगतो आणि त्यात गैर काही नाही. मी वर्गाला एक गोष्ट अधिक सांगितली. तान्ह्या मुलाची आई संध्याकाळचे पाजणे चुकवते तेव्हा काही तासांत तिची छाती दगडासारखी घट्ट होते, हात वर नेता येत नाही, चोळीचा स्पर्श सोसत नाही. दुसऱ्यांच्या घरी दूध पोहोचवणारी ही बाई स्वतःचे दूध तुंबलेल्या अवस्थेत त्या कड्यावर होती. पोटाशी खडक धरून उतरायचे म्हणजे तो खडक नेमका कोठे लागत असेल? मुलाची भूक तिला खाली ओढत होती हे खरे. तिचा देहही ओढत होता, आणि या दोन ओढी निराळ्या काढून दाखवणे तिला तरी जमले असते की नाही, कोण जाणे.

वर्ग थोडा वेळ गप्प होता. मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला आणि वहीकडे बघतच विचारले, “मॅडम, मग ती उतरत असताना दूध गळत असेल ना?”

मी म्हटले, “हो, गळत असणार.”

तिने ते वहीत लिहून घेतले. कोणी हसले नाही.